कामोमे-झाची तिसरी घंटा

ड्युसेलडॉर्फमध्ये रामेन या जपानी शेवयांच्या दुकानांपुढच्या रांगा जिथे संपतात, तिथून डावीकडच्या गल्लीत वळलं की 'कामोमे-झा' लागतं. कामोमे म्हणजे समुद्रपक्षी आणि झा म्हणजे नाट्यगृह. ड्युसेलडॉर्फला समुद्र नाही. पण मोरिशिता कांजी नावाच्या एका जपानी व्यापाऱ्याला त्याची आठवण येत होती, आणि पैसेवाल्या माणसाच्या आठवणीला इमारत मिळते. कांजी पोलादाच्या व्यवहारासाठी जर्मनीत आले. १९६५ साली त्यांनी छत्र्यांच्या एका बंद कारखान्याचं गोदाम घेतलं आणि त्यात खुर्च्या मांडल्या.

सिनेमाची रिळं जपानहून बोटीने यायची. कधी तिसरं रीळ आधी यायचं आणि पहिलं पुढच्या महिन्यात. प्रेक्षक तक्रार करत नसत. नायक आधी मेला आणि मग प्रेमात पडला, तर ते त्याचं नशीब. सिनेमा नसेल त्या आठवड्यात हौशी काबुकी, नाच, किंवा एकाच माणसाने उशीवर बसून सांगायच्या विनोदी गोष्टी. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराला प्रेक्षकांमधून रंगमंचाकडे जाणारी एक लाकडी वाट लागते. ती बांधली आणि काही वर्षांनी ब्रांडशुट्झवाले, म्हणजे लोक जळू नयेत याची काळजी घेणारे सरकारी लोक आले. आणीबाणीत बाहेर पडायची वाट हीच, असं ठरवून तिच्या टोकाला ते हिरव्या पळत्या माणसाची पाटी लावून गेले. तेव्हापासून कामोमे-झामधला प्रत्येक सामुराई त्या पाटीखालून मरायला जातो.

यंदा नाट्यगृहाला साठ वर्षं झाली. साठीच्या समारंभात नाट्यगृहाच्या इतिहासावर व्याख्यान ठेवलं होतं आणि ते देणार होती ईप्सिता खांबेटे. मूळची पुण्याची. र्‍हाइनकाठच्या एका विद्यापीठात ती कामोमे-झावरच पीएचडी करत होती. प्रबंध शरद ऋतूत द्यायचा होता. त्याच महिन्यात शिष्यवृत्ती संपत होती, आणि शिष्यवृत्तीच्या शेपटाला व्हिसा बांधलेला होता. सगळा प्रबंध तिसऱ्या प्रकरणावर उभा होता. पहिल्या प्रकरणात 'इतिहास म्हणजे काय' हे होतं, दुसऱ्यात 'पण खरंच इतिहास म्हणजे काय' हे होतं. कामोमे-झा तिसऱ्यात यायचं.

या प्रकरणाचा विषय असा. एरवी जपानी माणूस खेळाच्या अर्धा तास आधी येऊन आपल्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसतो. कामोमे-झामध्ये मात्र तो बसत नाही. तिथे घंटा तीन वेळा होते, आणि तिसरी होईपर्यंत सगळे फॉयरमध्ये, म्हणजे हॉलबाहेरच्या दालनात, दाटीवाटीने उभे राहतात. मग दार उघडतं आणि सगळे एकमेकांना कोपरं मारत आत घुसतात. वाट बघताना ते 'कामोमे-कोरोक्के' खातात. कोरोक्के म्हणजे बटाट्याचा तळलेला गोळा, तो जपानभर मिळतो. पण कामोमे-झाचा आतून पिवळा असतो, आणि त्याच्याबरोबर लाल कोरडी पूड आणि मीठ लावून तळलेली हिरवी मिरची देतात.

ईप्सिताच्या मार्गदर्शक प्रोफेसर हार्टलेबन यांनी यावर पूर्वीच एक गाजलेला लेख लिहिला होता. जर्मनीत मार्गदर्शक बाईंना डोक्टरमुटर म्हणतात, म्हणजे पीएचडीची आई. त्यामुळे त्यांचं म्हणणं सहसा खोडत नाहीत. हार्टलेबनबाईंच्या मते फॉयरमधलं ते थांबणं म्हणजे 'मा', दोन गोष्टींमधल्या रिकाम्या जागेचं जपानी सौंदर्यशास्त्र. आणि कोरोक्क्याचा पिवळा रंग म्हणजे जपानी आरमारात इंग्रजांकडून आलेल्या कालवणाची स्मृती.

ईप्सिताने पहिल्यांदा कोरोक्के खाल्लं तेव्हा तिच्या जिभेने तिला काहीतरी सांगितलं होतं. पण जिभेचा संदर्भ तळटीपेत देता येत नाही. तिने आरमाराचा दिला.

मुलाखतीसुद्धा झाल्या होत्या. नाट्यगृह आता फ्राऊ, म्हणजे श्रीमती, मोरिशिता चालवतात. कांजींची सून, वय पंचाहत्तरच्या पुढे. ईप्सिता त्यांच्याशी जपानीत बोलायची. तिची जपानी इतकी शुद्ध होती, की समोरच्याला आपलीच तपासावीशी वाटे. "ही प्रथा जपानी परंपरेत नेमकी कुठून येते असं आपल्याला वाटतं?" असं विचारलं की फ्राऊ मोरिशिता मान जराशी कलती करून म्हणायच्या, "आपण म्हणता तसं असेल." ईप्सिताने याची नोंद 'दुजोरा मिळाला' अशी केली होती.

सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात आई-बाबा आले.

देवदत्त खांबेटे वीजमंडळातून निवृत्त झाले होते, पण त्यांची खरी नोकरी ती नव्हेच. पुण्याच्या एका हौशी नाट्यसंस्थेत पडदा आणि घंटा हे खातं आयुष्यभर त्यांच्याकडे होतं. अभिनय त्यांनी एकदाच केला. त्यानंतर संस्थेने पडदा आणि घंटा त्यांच्याकडे दिली. पण घंटा ते अशी वाजवत, की लोक हातातला चहा टाकून आत जात. अशा माणसाला कामोमे-झाच्या फॉयरमध्ये उभं करायचं म्हणजे तिसऱ्या प्रकरणाला काडी लावून वारा घालायचा.

ईप्सिताने प्रयत्न केले. समारंभाच्या दिवशी दोघांनी कोलोनचं कॅथिड्रल बघून यावं, असं तिने सुचवलं.

"पोरीचं व्याख्यान सोडून चर्च बघू?" देवदत्त म्हणाले. "ते आठशे वर्षं उभं आहे. उद्यापर्यंत थांबेल."

मग तिने दुसरी तजवीज केली. आई-बाबांना सांगितलं, की प्रोफेसर बाईंना इंग्रजी येत नाही. देवदत्तांना ते लगेच पटलं. "स्वाभिमानी लोक," ते बायकोला, सुलेखाबाईंना, म्हणाले. आणि हार्टलेबनबाईंना तिने सांगितलं, की माझ्या आई-वडिलांना मराठीशिवाय काही येत नाही. त्यांनाही ते लगेच पटलं, आणि जरा आवडलंही. आता मधला पूल एकच राहिला, ईप्सिता. शिवाय निघण्यापूर्वी तिने दोघांना दोन वेळा साबुदाण्याची खिचडी वाढली.

फॉयरमध्ये शिरताच देवदत्त थबकले.

"बाबा, इथे काही खायचं नाही हं. फार तेलकट असतं."

"खातोय कुठे? वास घेतोय."

"अहो, तुम्हालाही येतोय का?" सुलेखाबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं विमानाने माझंच डोकं फिरलंय."

एवढ्यात घंटा झाली. मोठी, एका श्वासाची, शेवटाला किंचित ओढलेली. फॉयरमध्ये कोणी हललं नाही. जपानी हलले नाहीत, जर्मन हलले नाहीत, जपानी वकिलातीतून आलेले साहेब हलले नाहीत. देवदत्तांनी घड्याळ बघितलं.

"पंधरा मिनिटं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पहिली घंटा पंधरा मिनिटं आधी होते, ईप्सिता. कुठेही जा."

"कुठेही नाही, बाबा. फक्त..." असं म्हणून ती थांबली, कारण वाक्याच्या उरलेल्या भागात तिचं तिसरं प्रकरण मरत होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हार्टलेबनबाई आल्या. उंच, सरळ, गळ्यात स्वतः विणलेला स्कार्फ. त्यांच्या हातात कोरोक्क्यांची बशी होती. पाहुण्यांना भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हे त्या जपानकडून शिकल्या होत्या. बशी त्यांनी थेट देवदत्तांपुढे धरली. देवदत्तांनी एक उचलला, दोन्ही बाजूंनी निरखला आणि तोंडात घातला. राज्यनाट्य स्पर्धेच्या परीक्षकाच्या चेहऱ्याने ते बराच वेळ चावत राहिले.

"ईप्सिता," ते म्हणाले, "हा बटाटेवडा आहे."

"काय म्हणतायत?" हार्टलेबनबाईंनी जर्मनमध्ये विचारलं.

"म्हणतायत, फारच चविष्ट आहे."

"आलं आहे, लसूण आहे. कोथिंबीर जरा कमी," देवदत्त म्हणाले.

"पिठात सोडा नाही घातलेला," सुलेखाबाई दुसरा मोडून आत बघत म्हणाल्या. "चांगल्या घरचा वडा आहे."

"आई म्हणते, तुमच्या जपानच्या अभ्यासाबद्दल तिने खूप ऐकलंय."

हार्टलेबनबाई लाजल्या आणि सुलेखाबाईंकडे बघून हसल्या. वड्याची पावती पोचली असं समजून सुलेखाबाईही हसल्या.

"हसतेय ना? मग सांग तिला," देवदत्त म्हणाले. "म्हणावं, वडा आमचा आहे. बरोबरची चटणी आमची. घंटा आमची. आणि तिकीट खिशात असूनही बाहेर ताटकळत उभं राहायचं, हे तर खास आमचं."

"बाबांना जपानी लोकांच्या संयमाचं फार कौतुक वाटतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हार्टलेबनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. "त्यांना ते जाणवलं. हेच ते 'मा'."

"लबाड आहे हो पोरगी," मागून कोणीतरी मराठीत म्हणालं. "बाप एक बोलतो, ही भलतंच सांगते."

तिघांनी वळून बघितलं. मागे मराठी माणूस कोणी नव्हता. करड्या किमोनोतल्या फ्राऊ मोरिशिता छताकडे बघत उभ्या होत्या. सुलेखाबाईंनी स्पीकर कुठे आहे का ते पाहिलं.

"आणि त्या उंच बाईला काही कळत नाही," फ्राऊ मोरिशिता छतालाच उद्देशून म्हणाल्या. "इतकी वर्षं येते, वडे खाते, आणि घरी जाऊन लिहिते की हे आरमारातलं कालवण. मेली शिकलेली फार."

ईप्सिताला धक्का असा बसला, की तिने जपानीतच विचारलं, "मोरिशिता-सान, आपल्याला मराठी येतं?"

"वासंतीने शिकवलं," फ्राऊ मोरिशिता मराठीतच म्हणाल्या.

"आल्झो, तर मग ही कुठली भाषा?" हार्टलेबनबाईंनी विचारलं.

ईप्सिताने आयुष्यातली शेवटची थाप मारली. निदान त्या दिवसातली तरी. "नीगाताकडची बोली आहे. डोंगरातली."

"बघा," फ्राऊ मोरिशिता छताला म्हणाल्या. "परत."

दुसरी घंटा झाली. आता पाच मिनिटं होती, हे देवदत्तांनी न विचारता सांगितलं. तेवढ्या वेळात फ्राऊ मोरिशितांनी जे सांगितलं ते ऐकायला तिघे त्यांच्याभोवती गोळा झाले, आणि नीगाताची बोली कानावर पडावी म्हणून चौथ्या हार्टलेबनबाईही.

वासंती सुभेदार १९७१ साली नवऱ्याबरोबर ड्युसेलडॉर्फला आल्या. नवरा पोलादी नळ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. वासंती घरी बसून कंटाळल्या आणि कामोमे-झाच्या तिकीट खिडकीवर कामाला लागल्या. त्याच वर्षी हानाए, म्हणजे आताच्या फ्राऊ मोरिशिता, लग्न होऊन जपानातल्या नीगाताहून आली आणि त्याच खिडकीत बसली. खिडकीच्या मागच्या खुर्चीवर सासू बसायची. सासूला जपानी अर्थात यायचं. जर्मनही यायचं. बाविशीतल्या सुनेला मन मोकळं करायला भाषा हवी होती, आणि त्या खोलीत शिल्लक राहिलेली भाषा एकच होती. वर्षभरात हानाए मराठीत सासूला नावं ठेवायला शिकली. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकांना. वासंती कुजबुजत नसत, हसऱ्या चेहऱ्याने मोठ्याने बोलत. सासूला वाटायचं, दोघी तिकिटांचा हिशोब करतायत.

"इतक्या वेळा आम्ही भेटलो," ईप्सिता म्हणाली. या वेळी मराठीत. "माझ्याशी का नाही बोललात?"

फ्राऊ मोरिशितांना प्रश्न समजला, पण पटला नाही. "ही जपानीत विचारायची. मग जपानीत उत्तर. आणि मराठी ही समोरच्याबद्दल बोलायची भाषा. समोरच्याशी कशी बोलणार?"

सुलेखाबाईंनी मान डोलावली. त्यांना यात काही चुकीचं दिसेना.

"पण ही घंटा?" देवदत्तांना राहवेना. "ही कोणी आणली? बाहेर कोणी उभं केलं लोकांना?"

"वासंतीने. तिने एक दिवस हॉलला कुलूप घातलं. सासू किंचाळली. कुलूप का, तर त्याचं कारण असं झालं, की..."

तिसरी घंटा झाली. दार उघडलं, आणि कारण गर्दीत वाहून गेलं. वकिलातीतल्या साहेबांनी देवदत्तांच्या बरगडीत कोपर मारलं. देवदत्तांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

व्याख्यान सुरुवातीलाच होतं. ईप्सिता रंगमंचावर गेली तेव्हा मागच्या पडद्यावर तिचं पहिलं चित्र आधीच लागलेलं होतं. फॉयरमध्ये उभे असलेले लोक, आणि त्यावर मोठ्या सुंदर अक्षरात 'मा'. पहिल्या रांगेत हार्टलेबनबाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी फ्राऊ मोरिशिता, आणि त्यांच्या शेजारी आई-बाबा. देवदत्तांच्या मांडीवर बशी होती.

ठरलेलं भाषण तिला पाठ होतं. ते म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, प्रबंध वेळेवर गेला असता, डॉक्टरकी मिळाली असती. फ्राऊ मोरिशितांनी मान कलती करून 'आपण म्हणता तसं असेल' म्हटलं असतं. देवदत्तांचं म्हणणं जर्मन भाषेत पोचायला रस्ता नव्हता. म्हणजे अडचण काहीच नव्हती. फक्त एक झालं होतं. इतकी वर्षं या नाट्यगृहावर लिहिताना, पुढे काय झालं हे जाणून घ्यावंसं तिला आज पहिल्यांदा वाटत होतं. वासंतीबाईंनी कुलूप का घातलं?

तिने माईक हातात घेतला. "तुम्ही तिसऱ्या घंटेपर्यंत बाहेर का थांबता, यावर मी भाषण तयार करून आणलंय," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ते चुकलंय. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरणही चुकलंय. खरं कारण आत्ता फॉयरमध्ये अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात घंटा झाली. उरलेलं मलाही ऐकायचंय. मोरिशिता-सान, वर याल का?"

हार्टलेबनबाईंनी स्कार्फ सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं. जर्मन चेहऱ्यावर गोष्टी रीतसर क्रमाने उमटतात.

फ्राऊ मोरिशिता वर आल्या. प्रेक्षकांना त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, माईककडे बघितलं आणि मराठीत सुरुवात केली. जपानीत हे बोलता येणं शक्यच नव्हतं. जपानीत समोर सगळे ग्राहक आणि शेजारी बसले होते. मराठीत ती नुसती माणसं होती. ईप्सिता वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये सांगत गेली, आणि या वेळी जसंच्या तसं.

"तेव्हा इथे कंपन्यांची माणसं यायची. मोठा साहेब पहिल्या रांगेत. त्याच्या मागे त्याच्याहून लहान. बायकांचंही तसंच. कोणाची बायको कोणाच्या मागे, हे माझ्या सासूला पाठ. सगळ्यात नवीन पोरगा खांबामागे. आपली पायरी चुकू नये म्हणून माणसं तासभर आधी येऊन बसायची. बोलायची नाहीत. पडद्याकडे बघत बसायची. पडदा बंद."

प्रेक्षकांमधले म्हातारे जपानी जरा चुळबुळले. त्यांच्यातले काही खांबामागे बसलेले असावेत.

"वासंती म्हणाली, हे काय ऑफिस आहे का? तिने हॉलला कुलूप घातलं. किल्ली पर्समध्ये. म्हणाली, तिसऱ्या घंटेला उघडीन, जो आधी घुसेल तो पुढे बसेल, आमच्याकडे असंच असतं. मग सासूने विचारलं, असं कुठे असतं? वासंती म्हणाली, मोठमोठ्या जर्मन नाट्यगृहांत. सासू गप्प. मग जर्मन लोकांनी विचारलं. त्यांना म्हणाली, ही जुनी जपानी पद्धत आहे. तेही गप्प."

ईप्सिताने हे दोन्ही भाग सांगितले. हॉलमध्ये आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने असा शांततेचा वेगळाच प्रकार पसरला.

"पण पहिल्या दिवशी काय झालं? बाहेरही तसेच उभे राहिले. साहेब पुढे, बाकीचे मागे. एकमेकांना वाकून नमस्कार करतायत, करतायत, करतायत. मग वासंतीने वडे आणले, घरून, डबा भरून. सगळ्यांच्या हातात एकेक गरम वडा. हातात गरम वडा असला की वाकता येत नाही. वाकलं की पडतो. दोन्ही हात गुंतलेले. तोंड भाजलेलं. मग काय करणार? साहेबाने ड्रायव्हरला विचारलं, तुझाही गरम आहे का? तो म्हणाला, हो. हे त्यांचं पहिलं बोलणं."

पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेला एक अगदी म्हातारा जपानी हसायला लागला. ईप्सिताचं जर्मन पुरं व्हायच्या आतच. तो उभा राहिला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "तो ड्रायव्हर मी. माझा फारच गरम होता."

मग हॉलला आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. एका जर्मन आजींनी सांगितलं, की मिरची त्यांना कधीच सोसली नाही, पण जपानी लोकांना वाईट वाटेल म्हणून त्या पन्नास वर्षं खात आल्या. त्यांच्यामागच्या जपानी गृहस्थांनी सांगितलं, की तेही खात आले, जर्मनांना वाईट वाटू नये म्हणून. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. आता हात मोकळे होते. वकिलातीतल्या साहेबांचं छोटं भाषण पुढे व्हायचं होतं. त्यांनी ते खिशातून काढलं, वाचलं आणि परत ठेवून दिलं.

"मोठा साहेब एकदा खांबामागे अडकला," फ्राऊ मोरिशिता म्हणाल्या. "अर्धाच सिनेमा दिसला त्याला. बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाला, इतकी मजा कधी आली नव्हती, कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. सासरे हसले. मग सासूचं काही चाललं नाही. सासू फार शिष्ट होती. नाक असं. चालणं असं."

चालणं त्यांनी करून दाखवलं. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. साठ वर्षांत त्या रंगमंचावर इतका टाळीचा अभिनय झाला नसेल, असं नंतर पुष्कळांचं मत पडलं.

व्याख्यान संपल्यावर ईप्सिता विंगेत उभी राहिली. पुढे नाचाचा कार्यक्रम सुरू झाला होता. हार्टलेबनबाई विंगेत आल्या आणि तिच्यासमोर सरळ उभ्या राहिल्या.

"तिसरं प्रकरण गेलं," त्या म्हणाल्या.

"या," ईप्सिता म्हणाली. जर्मन भाषेत याचा अर्थ 'हो' असा होतो.

"माझा लेखही गेला."

"या."

"तो बऱ्याच लोकांनी आपल्या लेखात वापरलाय."

"तेही गेले असावेत."

हार्टलेबनबाईंनी थोडा विचार केला. "नीगाताची बोली," त्या म्हणाल्या.

"माफ करा."

"नाही, नाही. तुम्हाला कल्पना नाही. मी आयुष्यभर जपानी शिकवते आहे, आणि त्या फॉयरमध्ये मला एक शब्द कळत नव्हता. मला वाटलं, सगळं संपलं, आता निवृत्त व्हावं. हे मराठी निघालं, फार बरं झालं." त्यांनी खरोखरच सुस्कारा सोडला. मग त्या पुन्हा सरळ झाल्या. "आल्झो. नवं तिसरं प्रकरण लिहायला किती वेळ लागेल?"

"लिहू देणार?"

"लिहू देणार म्हणजे? जपानी नाट्यगृह, जर्मन इमारत आणि कुलूप लावणारी मराठी बाई. हे सोडून तुम्ही 'मा' लिहिणार असाल तर मी मार्गदर्शक राहणार नाही. एक वर्षाची मुदतवाढ मागू. मी सही करते. शिष्यवृत्ती देणारे प्रश्न विचारतील, तर त्यांना मी उत्तर देईन. फक्त, मुलाखती कोण तपासणार? जपानी आणि मराठी दोन्ही येणारा परीक्षक जर्मनीत कोण आहे?"

दोघींनी विंगेतून पहिल्या रांगेकडे बघितलं. जर्मनीत असा दुसरा माणूस एकच होता आणि तो नाच बघता बघता शेजारच्या सुलेखाबाईंना नाचणारीबद्दल काहीतरी सांगत होता. सुलेखाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

नाच संपल्यावर देवदत्त विंगेत आले. पोरगी गप्प आणि बाई गंभीर, असं दृश्य बघून त्यांना राहवलं नाही. "मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "चूक माझ्या मुलीची नाही. तिने लहानपणी वडे कमी खाल्ले."

"तुम्हाला इंग्रजी येतं?" हार्टलेबनबाई उत्तम इंग्रजीत म्हणाल्या.

"तुम्हाला येतं?" देवदत्त म्हणाले.

मग दोघांनी एकदमच ईप्सिताकडे बघितलं. ईप्सिताने हिरव्या पळत्या माणसाकडे बघितलं.

त्यानंतर तासभर देवदत्तांनी हार्टलेबनबाईंना घंटेचं शास्त्र समजावलं. पहिली घंटा लोकांना उद्देशून, दुसरी नटांना, तिसरी देवाला. हार्टलेबनबाई मन लावून ऐकत होत्या आणि मधूनमधून "गेनाऊ" म्हणत होत्या. बोलता बोलता ड्युसेलडॉर्फवरून गाडी जपानवर गेली, आणि एकूण काबुकीच महाराष्ट्रातून तिकडे गेली असावी, या निष्कर्षापाशी देवदत्त पोचत होते, तेव्हा सुलेखाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"पुरे. घंटा सुभेदारबाईंनी वाजवली. तुम्ही हार कसले घालून घेताय?"

"मी फक्त परंपरा सांगत होतो."

"परंपरेला आता भूक लागली असेल. चला घरी. खिचडी उरलीय."

पुढच्या मंगळवारी दुपारी ईप्सिता पुन्हा कामोमे-झामध्ये गेली. खेळ नव्हता. नाट्यगृह रिकामं होतं. तिकीट खिडकीच्या मागच्या खोलीत फ्राऊ मोरिशितांनी चहा मांडला होता. ईप्सिताने फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मराठीत विचारलं, "वासंतीबाईंबद्दल पहिल्यापासून सांगाल? त्या गेल्यावर मराठी बोलायला कोणी राहिलं का?"

"कोणी नाही," फ्राऊ मोरिशिता म्हणाल्या. "ती पुण्याला परत गेली. मग मी एकटीच. तीस वर्षं मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवली. खूप साठलंय."

असं म्हणून त्या उठल्या. बाहेर डोकावून रिकाम्या फॉयरकडे दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, दार ओढून घेतलं, कडी लावली. मग खुर्ची ईप्सिताच्या अगदी जवळ सरकवली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वासंती नंतर. आधी सासू."